मेटकाफ, रॉबर्ट मेलँक्टन

(७ एप्रिल १९४६ – ). अमेरिकन विद्युत अभियंता, ईथरनेट या स्थानिक संगणक-जाळ्याच्या तंत्राचे सहसंशोधक आणि थ्रीकॉम कंपनीचे सहसंस्थापक. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९६९ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि औद्योगिक व्यवस्थापन या दोन पदव्या. हार्व्हर्ड विद्यापीठाने त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध १९७२ मध्ये नाकारला. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी उभारलेल्या अलोहा या रेडिओ-जाळ्याचे गणिती विश्लेषण त्यात घातल्यावर १९७३ मध्ये तो मान्य झाला. ईथरनेटची बीजे याच विश्लेषणात आहेत.

ईथरनेट : १९७२ पासून ते झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात होते. तेथील ऑल्टो संगणक एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी त्यांनी यासंबंधी टिपण लिहिले आणि हीच ईथरनेटची जन्मतारीख मानतात. चालते जाळे मात्र त्यानंतर सहकारी डेव्हिड बॉग्ज यांच्यासह उभे राहिले. त्याचा वेग सेकंदाला २९.४ लाख बिट होता. सर्व संगणक एकाच समाक्ष केबलला जोडलेले असत आणि पाळी ठरवून देणारे मध्यवर्ती यंत्र नसे. संदेश पाठवण्यापूर्वी संगणक केबल मोकळी आहे का ते पाहतो. तरीही दोघांनी एकाच वेळी पाठवले, तर टक्कर ओळखून दोघेही थांबतात व यादृच्छिक काळाने पुन्हा प्रयत्न करतात. टकरी वाढल्या की या काळाची कमाल मर्यादा दुप्पट होत जाते. म्हणजे गर्दीत प्रत्येक संगणक आपणहून मागे सरतो. पुढे स्विच आल्यावर टकरी उरल्या नाहीत, पण संदेशाच्या चौकटीची मूळ रचना टिकली. दोघांचा शोधनिबंध जुलै १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७७ च्या पेटंटवर मेटकाफ, बॉग्ज, चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन अशी चार नावे आहेत. श्रेय एकट्या मेटकाफ यांना देण्याची प्रथा म्हणूनच अपुरी आहे. यंत्रे प्रत्यक्ष चालवून दाखवण्यात बॉग्ज यांचा वाटा मोठा होता.

उद्योग : १९७९ मध्ये थ्रीकॉमची स्थापना. मेटकाफ यांचे सर्वांत मोठे काम या काळातले आहे, पण ते कारखान्यातले नव्हे. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स यांना त्यांनी एका सामायिक प्रमाणासाठी एकत्र आणले. ते १९८० मध्ये सेकंदाला १ कोटी बिट या वेगासाठी जाहीर झाले आणि त्यावर आधारित आयईईई ८०२.३ हे प्रमाण १९८३ मध्ये मंजूर झाले. कोणत्याही उत्पादकाला त्यानुसार यंत्रे करता येत असल्याने आयबीएमचे टोकन रिंग हे प्रतिस्पर्धी तंत्र मागे पडले. थ्रीकॉमने आयबीएम पीसीसाठी ईथरनेट कार्ड १९८२ मध्ये आणले. १९८४ मध्ये कंपनीचे समभाग विक्रीस खुले झाले. १९९० मध्ये संचालक मंडळाने प्रमुखपदी एरिक बेनहामू यांना निवडले व मेटकाफ कंपनीतून बाहेर पडले. ह्यूलेट-पॅकार्डने २०१० मध्ये थ्रीकॉम विकत घेतली.

लेखन व इतर कार्य : इन्फोवर्ल्ड या नियतकालिकात स्तंभलेखन. १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल, असे त्यांनी १९९५ मध्ये लिहिले होते. तसे न घडल्याने १९९७ मध्ये एका परिषदेत त्यांनी तो छापील स्तंभ पाण्यात घुसळून सर्वांसमक्ष प्राशन केला. जाळ्याचे मूल्य वापरकर्त्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या विधानाला लेखक जॉर्ज गिल्डर यांनी मेटकाफ यांचे नाव दिले; हे प्रमाण अभ्यासकांत वादग्रस्त आहे. २०११ पासून काही वर्षे टेक्सास विद्यापीठात (ऑस्टिन) अध्यापन.

सन्मान : आयईईई मेडल ऑफ ऑनर (१९९६), नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी (२००३), ट्युरिंग पुरस्कार (२०२२).