बुद्धिबळातील अंतिम डाव आणि संगणकाच्या मर्यादा : देशी परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

१९९७ साली आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याचा पराभव केला. तेव्हापासून बुद्धिबळाचा प्रश्न यंत्राने जवळजवळ सोडविला, असा सर्वसाधारण समज रूढ झाला. पटावर थोडेच मोहरे उरले की हा समज अधिकच दृढ होतो. कारण मोहरे कमी म्हणजे शक्यता कमी, आणि शक्यता मोजणे हे तर संगणकाचे बलस्थान. प्रत्यक्षात डावाचा हा शेवटचा टप्पा, म्हणजेच अंतिम डाव, यंत्राच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या मर्यादाही स्पष्ट करतो. या मर्यादांचा देशी बुद्धिबळाच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

देशी परंपरा :

अंतिम डावाचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' या ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन केले. पुढे तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली, म्हणजे पेशवाईच्या अस्तापूर्वी चार वर्षे, मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यात प्रामुख्याने पटावरील निवडक बिकट स्थिती दिल्या आहेत. त्या 'युरोपीय पद्धतीस जुळवून' घेतल्याचे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद आहे.

हा उल्लेख महत्त्वाचा आहे. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे खेळाडूच्या इच्छेप्रमाणे वजीर न होता सामान्यतः त्या पट्टीवरील मूळ मोहरा होत असे. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरल्यास अनेक ठिकाणी पूर्ण विजय मानला जात नसे. म्हणून जाणता खेळाडू प्रतिपक्षाचा एखादा मोहरा जाणीवपूर्वक शिल्लक ठेवून मात करीत असे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. अर्थात, एकाच स्थितीचे उत्तर नियमांनुसार बदलत होते.

१९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. दक्षिण महाराष्ट्रात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी स्पर्धात्मक बुद्धिबळाची परंपरा रुजविली. संघटित स्पर्धांबरोबर आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र स्थिरावले व देशी नियम मागे पडले.

यंत्राचा प्रवेश :

यंत्राने बुद्धिबळात प्रवेश केला तोच अंतिम डावातून. स्पॅनिश अभियंता लिओनार्दो तोरेस केवेदो याने १९१२ साली तयार केलेले यंत्र राजा व हत्ती यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करीत असे. मात्र ती किमान चालींत होईलच असे नव्हते. पुढे मातेच्या स्थितीपासून मागे मागे जात प्रत्येक स्थितीचा निकाल नोंदविण्याची पद्धत विकसित झाली. या नोंदींच्या संग्रहास 'टेबलबेस', म्हणजे निकालांची कोष्टके, म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्पसन याच्या संगणकाने अशा कोष्टकाच्या आधारे हत्तीचा बचाव केला, तेव्हा वजीर घेऊन खेळणारा ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन पहिल्या प्रयत्नात पन्नास चालींच्या मर्यादेत जिंकू शकला नाही. पुस्तकांनी सोपा मानलेला विजय किती अवघड आहे, हे यंत्राने दाखवून दिले.

२०१२ साली मॉस्को विद्यापीठातील 'लोमोनोसोव्ह' संगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टके पूर्ण झाली. यात राजे व प्यादीही मोजलेली असतात. त्यांनी सुमारे १४० टेराबाइट जागा व्यापली. २०१८ साली 'सिझिजी' पद्धतीने तीच व्याप्ती बऱ्याच कमी जागेत साधली गेली.

मर्यादांचे स्वरूप :

पहिली मर्यादा व्याप्तीची आहे. डावाच्या आरंभी पटावर ३२ मोहरे असतात. संपूर्ण ज्ञान मात्र सातांपर्यंतच आहे. त्यापुढे संगणकाला शोध व अंदाज यांवरच विसंबावे लागते.

दुसरी मर्यादा आकलनाची आहे. बळ कमी असूनही ज्या रचनेत प्रतिपक्षाला शिरकावच करता येत नाही, तिला बुद्धिबळपटू 'किल्ला' म्हणतात. गडकिल्ल्यांच्या मुलखातील वाचकास ही संज्ञा सहज उमगेल. वेढा घालणाऱ्याचे बळ मोजून तट पडेल की नाही हे ठरत नाही. २०१७ साली पेनरोज संस्थेने मांडलेल्या एका स्थितीत काळ्याकडे एकाच रंगाच्या घरांवरील तीन उंट व प्रचंड बळ होते. संगणकाने काळ्याचा विजय दर्शविला. माणसाला मात्र बरोबरी दिसत होती. तसेच १९९८ साली लिनारेस येथे टोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने राजाची वाट मोकळी करण्यासाठी उंटाचे बलिदान दिले. ती चाल तत्कालीन संगणकांच्या दृष्टीआड राहिली. नंतरच्या संगणकांनी अशा अनेक उणिवा भरून काढल्या, परंतु 'येथे प्रगती शक्यच नाही' हे कारणासह सांगणे त्यांना अजूनही नेहमी साधत नाही.

तिसरी मर्यादा नियमांची आहे. सात मोहऱ्यांच्या कोष्टकांत ५०० हून अधिक चालींनंतर मात होणाऱ्या स्थिती आढळल्या. परंतु सलग पन्नास चालींत मोहरा मारला गेला नाही व प्यादेही हलले नाही, तर खेळाडू बरोबरीची मागणी करू शकतो. काही स्थितींसाठी या नियमास दिलेल्या सवलती १९९२ साली रद्द झाल्या. परिणामी कोष्टकातील 'विजय' पटावर बरोबरी ठरू शकतो. देशी नियमांनी रचलेल्या स्थितीबाबत तर विजयाची व्याख्याच निराळी असल्याने आजची कोष्टके थेट लागू पडत नाहीत.

निष्कर्ष :

संगणकाचे उत्तर अचूक असते, पण ते दिलेल्या नियमांच्या चौकटीत. आणि कोष्टक निकाल देते, कारण देत नाही. पूर्वसूरींनी स्थिती रचल्या त्या शिकणाऱ्याची बुद्धी व स्मरण तयार व्हावे म्हणून. म्हणूनच 'विलासमणिमंजरी'सारख्या ग्रंथाचे मूल्यमापन केवळ आजच्या संगणकाच्या निकालावर करणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरेल. त्यासाठी देशी नियमांची प्रदेशवार नोंद आधी व्हावयास हवी. यंत्र हे काम स्वतःहून करणार नाही, कारण विचारलेल्या प्रश्नापलीकडे ते जात नाही. प्रश्न कोणत्या नियमांनी विचारावयाचा, हे ठरविण्याची जबाबदारी अभ्यासकाचीच राहते.