पूल होता, अ‍ॅप्रोच नव्हता

धनुष्कोडीच्या पुढे अरिचलमुनैला रस्ता वाळूत संपतो. पलीकडचं तलैमन्नार इथून जेमतेम तीस किलोमीटर. मधे वाळूची छोटी बेटं आणि उथळ पाणी: आपला रामसेतू.

वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. तेव्हा इथे चिंचोळी वाट नव्हती, तर रुंद मैदान होतं, आणि समुद्र चढला-उतरला तसं ते अनेकदा बुडालं, पुन्हा उघडं पडलं. हत्ती, अस्वल, बिबट्या आजही दोन्हीकडे आहेत. सिंहाचे अश्मीभूत दात श्रीलंकेत सापडलेत. वाघ मात्र आज तिथे नाही, म्हणून जंगलात बिबट्याचं राज्य.

एवढा मोठा पूल असताना दोन्हीकडचे सगळेच जीव एकमेकांत मिसळायला हवे होते. तसं झालं नाही. 2004 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गोड्या पाण्यातले खेकडे, मासे, झुडपी बेडूक आणि खापरखवल्या साप तपासले होते. बेटावरच्या बहुतेकांची घराणी वेगळी निघाली.

1987 साली शांतिसेनेबरोबर गेलेल्या ज्येष्ठांना वन्नीची झाडी आठवत असेल. काटेरी, रखरखीत, पाण्यासाठी जीव काढणारी. अलीकडे रामनाथपुरमही तसंच. ओलं जंगल एकीकडे सह्याद्रीत, दुसरीकडे थेट बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. हत्ती हे अंतर चालून जातो. अंगठ्याएवढा, कातडी ओली ठेवावी लागणारा बेडूक कसा जाणार? आमच्याकडे कुठलाही सॅपर सांगेल, की पूल कितीही भक्कम असो, दोन्ही बाजूंचा अ‍ॅप्रोच खराब असेल तर ताफा अडकतो.

तरी काही जण गेले. आंबोलीत एक झुडपी बेडूक आहे, शास्त्रीय नाव स्यूडोफिलॉटस आंबोली. त्याच्या गणातल्या बहुतेक सगळ्या जाती श्रीलंकेत, भारतात मोजून दोन-चार. अभ्यासकांच्या मते याचे पूर्वज बेटावरून उलटे इकडे आले, लाखो वर्षांपूर्वी, हवामान ओलं असलेल्या एखाद्या काळात. या गणात डिंभक होत नाहीत, अंड्यातून थेट पिल्लूच बाहेर येतं, त्यामुळे डबकं लागत नाही. ओलावा मात्र लागतोच.

सुट्टीत सावंतवाडीला जाताना मी आंबोली घाट कितीदा उतरलोय. धबधब्याशी थांबून भजी खाल्ली, बेडकाकडे कधी बघितलं नाही. तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.