ट्री सॅडल म्हणजे काय? त्याचे दोर आणि हिच कशा ॲडजस्ट करतात?

झाडाच्या खोडाला टेकून, कमरेच्या पट्ट्यात आरामात लटकलेला माणूस तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिला असेल. त्या पट्ट्याला ट्री सॅडल म्हणतात. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी तो खूप वापरतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथेच संपला. पण दोर आणि गाठींचं हेच तंत्र झाडांची छाटणी करणारे आणि सह्याद्रीत रॅपलिंग करणारे ट्रेकर्सही वापरतात. बिबवेवाडीतल्या सोसायट्यांमध्येही पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं झाडावर चढतात. म्हणून हे तंत्र नीट समजून घेऊ.

सॅडलचे मुख्य भाग कोणते?

1. सॅडल : कंबर आणि मांड्यांखाली येणारा रुंद पट्टा. यात आपण बसतो.
2. ब्रिज : सॅडलच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा पुढचा छोटा दोर.
3. टेदर : खोडाला बांधलेला मुख्य दोर. ब्रिज कॅराबिनरने याला जोडतात.
4. लाइनमन बेल्ट : चढताना खोडाभोवती फिरवून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायचा दोर.

टेदर आणि लाइनमन बेल्ट कमी-जास्त करता यावेत म्हणून त्यांच्यावर एक खास गाठ असते. तिला फ्रिक्शन हिच म्हणतात.

हिच दोराला पकडते कशी?

सगळ्यात प्रसिद्ध हिच म्हणजे प्रुसिक. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये ती जगासमोर आणली. बारीक दोरीचं एक वेटोळं जाड दोराभोवती तीन वेळा गुंडाळतात. भार आला की वेढे आवळतात आणि गाठ जागेवर थांबते. भार काढला की हाताने वर-खाली सरकवता येते.

यामागचं गणित भारी आहे. गावाकडे गुरं बांधताना खुंटाला दोन-तीन वेढे देतात, मग बैलाने कितीही ओढलं तरी टोक एका हाताने धरता येतं. घर्षणांक 0.3 धरला, तर 1 वेढ्याने पकड सुमारे 6.6 पट होते, 2 वेढ्यांनी 43 पट आणि 3 वेढ्यांनी तब्बल 285 पट! वेढे वाढले की पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. हिचमध्ये प्रकार थोडा वेगळा असला तरी तत्त्व हेच. म्हणून एक वेढा कमी पडला तर फरक छोटा नसतो.

हिचची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, साधारण 60 ते 80 टक्के. म्हणजे 11 मिमी दोरावर 7 किंवा 8 मिमीची दोरी. दोन्ही सारख्या जाडीच्या असतील तर गाठ घसरू शकते.

ॲडजस्ट कसं करायचं?

• उंची : उभं राहिल्यावर टेदर साधारण कपाळाच्या पातळीत ठेवतात. वर नेला की बसणं सोपं होतं, खाली आणला की मागे जास्त झुकता येतं.
• अंतर : खोडापासून किती लांब राहायचं हे टेदरवरची हिच सरकवून ठरवायचं.
• ब्रिज : कंबर दोन्ही बाजूंनी दाबली जात असेल तर ब्रिज थोडा लांब करून बघायचा.
• हिच सरकवताना : आधी पायांवर उभं राहून भार काढा. गाठीचा आडवा भाग अंगठ्याने सैल करा, मग सरकवा. नंतर वेढे एकमेकांवर चढले नाहीत ना ते बघा, आणि हळूहळू भार देऊन तपासा.

कुठे जीव जाऊ शकतो?

पहिला धोका ढिलाईचा. 70 किलोचा माणूस 60 सेंटिमीटर पडला आणि दोराने त्याला 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी झटका सुमारे 490 किलो वजनाइतका बसतो. म्हणून टेदर कायम ताणलेला हवा.

दुसरा धोका घाबरून हिच पकडण्याचा. माणूस घसरला की हात आपोआप गाठीवर जातो. पण मुठीत धरलेली हिच आवळतच नाही, ती हातासोबत खाली सरकत राहते. अशा वेळी हिच सोडून द्यायची असते. हे डोक्याला पटतं, पण हाताला सवय लागते ती जमिनीजवळ सराव केल्यावरच.

तिसरा धोका फांदी ओलांडताना. जुना दोर सोडायच्या आधी दुसरा दोर फांदीच्या वर बांधलेला पाहिजे. एक जोडणी कायम चालू, अगदी बॅकअपसारखी.

चौथा धोका चुकीच्या दोरीचा. डायनिमाची दोरी ताकदवान असली तरी गुळगुळीत असते आणि सुमारे 150 अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉन सुमारे 220 अंशांना किंवा त्याहून जास्त तापमानाला वितळतं. घसरणाऱ्या गाठीत उष्णता तयार होते, त्यामुळे हिचसाठी निव्वळ डायनिमा नको.

आणि झाडही बघा. शेवगा, गुलमोहर यांच्या फांद्या पटकन मोडतात. नारळाला मधे फांदीच नसते, त्यामुळे भार सुटला की टेदर खाली घसरू शकतो.

लक्षात ठेवा

हार्नेस घेताना ईएन 813 किंवा ईएन 358 हे मार्किंग तपासा. पहिला सराव जमिनीपासून एक फुटावर, माहीतगार माणसासमोर करा. एकट्याने झाडावर जाऊ नका, कारण बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकत राहणंही जीवघेणं ठरू शकतं. शहरात फांदी छाटायची असेल तर आधी महापालिकेची परवानगी घ्या. आणि तुमच्या सोसायटीत छाटणीला येणारा माणूस कमरेला नुसता एक दोर बांधून चढत असेल, तर काम सुरू होण्याआधीच हार्नेस आणि दुसऱ्या दोराबद्दल विचारा.