कोल्लिडमची वाट

तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगास मुक्कोंबू येथे कावेरीपासून कोल्लिडम फुटते. ती अधिक सखल; पुराचा भार तीच वाहून नेई, म्हणून तंजावरची गावे वाचत. पुढे कावेरीचे मुख गाळाने भरले. नित्याचे पाणीही कोल्लिडमने निसटू लागले, भातखाचरे तहानली. ही वाट बुजवावी, तर पूर गावांत शिरणार! १८३६ साली आर्थर कॉटन यांनी तेथे ठेंगणा बंधारा घातला : रोजचे पाणी अडावे, पुराने मात्र माथ्यावरून जावे. काही वर्षांतच कावेरीत पाणी जादा होऊ लागले. तिच्या मुखाशीही बंधारा घालणे प्राप्त झाले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोल्लिडमच्या मुखावरील नऊ दारे पुराने वाहून गेली. भार सोडणारी वाट गळते म्हणून बुजवता येत नाही. तिची राखणच करावी लागते.