झाशीची राणी, सिंगापूरची पलटण

आपल्याकडच्या वेशभूषा स्पर्धेत एखादी तरी छोटी झाशीची राणी असतेच. पाठीशी बाहुली बांधलेली, हातात पुठ्ठ्याची तलवार! पण याच सिंगापुरात त्या राणीच्या नावाने मुलींनी खऱ्या बंदुका उचलल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१२ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी इथे आझाद हिंद सेनेच्या स्त्रियांच्या पलटणीची घोषणा केली. नाव ठेवले ‘झाशीची राणी’. २२ ऑक्टोबरला वॉटर्लू स्ट्रीटवर छावणी सुरू झाली. प्रमुख होत्या १९४० पासून सिंगापुरात असलेल्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन. भरती झालेल्या बहुतेक जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुली. अनेकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली मराठी राणी या मुलींना ८५ वर्षांनी आपली कशी वाटली? मला वाटते, त्यांना नुसती गोष्ट ऐकवून घरी पाठवले नाही. गणवेश दिला, रायफल दिली, हुद्दा दिला. शिवाय समोर एक जितीजागती लक्ष्मी हुकूम देत होती. आदर्श दाखवणे सोपे असते. तिथवर जायची वाट करून देणे अवघड.

पलटण ब्रह्मदेशापर्यंत गेली आणि १९४५ मध्ये तिला माघार घ्यावी लागली. मनसुबा फसला, पण उमेद विझली नाही. सोळाव्या वर्षी भरती झालेल्या रसम्मा भूपालन यांनी पुढे मलायात शिक्षिकांची संघटना उभारून समान वेतनासाठी लढा दिला. जानकी देवर मलेशियाच्या सिनेटवर गेल्या. डॉ. लक्ष्मी सहगल (पूर्वाश्रमीच्या स्वामिनाथन) यांनी कानपुरात म्हातारपणापर्यंत गोरगरिबांना औषधपाणी केले. राणीचे बालपण जिथे गेले ते बिठूर तिथून जवळच!

राणी स्वतःही काशीत जन्मली, बिठूरला वाढली, झाशीला नांदली. महाराष्ट्राबाहेरच्या त्या मुलीने परभाषिक मुलींना बळ दिले. मग आपल्या मुलींनीही रसम्मा, जानकी यांना आपले का म्हणू नये?

एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या पाडलेल्या स्मारकाच्या जागी १९९५ पासून एक खूण उभी आहे. पुढच्या स्पर्धेआधी आपल्या छोट्या राणीला तिथे जरूर घेऊन जा. आणि मोठी झाल्यावर तिने अवघड वाट निवडली, तर तिला अडवू नका.