बोरीबंदरासमोरचा महाल

इमारतीचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे ती कोणी बांधली, किती उंच आहे, खर्च काय आला, एवढे सांगून आपण मोकळे होतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की तिचे दार कोणाला उघडे होते? आज हा प्रश्न मी मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीला विचारणार आहे.

महापालिकेचे बिऱ्हाड प्रथम गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या घरात होते. 1870 मध्ये ते एस्प्लनेडवर गेले. पुढे बोरीबंदरासमोर, आजचा दादाभाई नौरोजी मार्ग व महापालिका मार्ग जेथे मिळतात तेथील तिकोनी जागा मुक्रर झाली. डिसेंबर 1884 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी कोनशिला बसविली. 1882 चा स्थानिक स्वराज्याचा ठराव याच रिपनसाहेबांचा. तेव्हा तो मान त्यांना मिळाला हे योग्यच झाले. प्रत्यक्ष काम मात्र 1889 मध्ये सुरू झाले आणि 1893 मध्ये पुरे झाले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. समोरचे रेल्वे स्थानकही त्यांनीच उभारलेले. महापालिकेच्या इमारतीत त्यांनी विलायती गॉथिक कमानींवर हिंदी धाटणीचे घुमट चढविले आणि 235 फुटी मनोरा उभा केला. दर्शनी त्रिकोणी शिखरावर पंख पसरलेली स्त्रीमूर्ती आहे. हिंदुस्थानातील पहिली नगरी ती हीच, असा तिचा अर्थ. खर्च 11 लाख रुपयांहून अधिक झाला.

आता दाराकडे वळू. 1888 चा महापालिका कायदा घडविण्यात फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांचा मोठा वाटा होता. परक्या राज्यात आपला कारभार आपण चालवू शकतो, हे त्यांनी सरकारला दाखवून दिले. 1923 मध्ये इमारतीपुढे मेहतांचा पुतळा उभा राहिला, तो उगाच नव्हे. पण त्या कायद्याप्रमाणे सभासद 72. त्यांपैकी प्रभागांतून निवडून आलेले 36. उरलेल्यांत 16 जस्टिस ऑफ दि पीस मंडळींनी पाठविलेले, 16 सरकारनियुक्त, आणि दोन दोन विद्यापीठाचे व व्यापारी मंडळाचे. प्रभागातही मत कोणाला? ठराविक रकमेचा कर भरणाऱ्याला. गिरणीत साचा चालविणारा, गोदीत ओझी वाहणारा, पहाटे रस्ता झाडणारा, यांना मत नव्हते.

गंमत पाहा! त्याच कायद्यात घरमालकांकडून वसूल करावयाच्या एका कराचे नाव होते हलालखोर कर. मैला उचलणाऱ्या माणसाच्या नावाने पैसा तिजोरीत येत होता; तो माणूस मात्र सभागृहाच्या बाहेरच उभा होता.

त्याची किंमत काय, हे लवकरच कळून आले. इमारतीला तीन वर्षे होतात न होतात तोच, सप्टेंबर 1896 मध्ये, मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. हे डॉक्टर महापालिकेचे सभासदच होते. रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचे हुकूम सुटले. लोक बिथरले, ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. त्यावेळचे आयुक्त स्नो यांनी दुसऱ्याच दिवशी सक्ती सैल केली. त्यांना खरी भीती कशाची होती? हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर मुंबई चार दिवसही राहण्याजोगी उरणार नाही, याची! महालातील सर्वांत मोठा अधिकारी ज्यांच्या मर्जीकडे डोळे लावून बसला होता, त्यांना त्या महालात एका मताचीही किंमत नव्हती.

हे दार हळूहळू उघडले. 1922 च्या कायद्याने दरमहा 10 रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. परंतु चाळीतील खोलीचे भाडे पुष्कळदा त्याहून कमी असे, म्हणून खरा कष्टकरी पुन्हा उंबऱ्याबाहेर राहिला. प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक झाली ती 1948 मध्ये. इमारत बांधून झाल्यापासून 55 वर्षांनी झाडूवाल्याचे आणि शेटजींचे मत एका पेटीत पडले!

एकदा उघडलेले दार कायमचे उघडे राहते, असे मात्र कोणी समजू नये. मार्च 2022 मध्ये सभासदांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. प्रशासक कारभार पाहत होते. सभागृहातील खुर्च्या मोकळ्या होत्या. रस्ते झाडले जात होते, कर वसूल होत होता, दिवे लागत होते. म्हणून पुष्कळांना काही चुकल्यासारखे वाटलेही नाही. मला धोका दिसतो तो येथेच.

कामगार संघटनेच्या कामानिमित्त मी त्या फाटकावर अनेक उन्हाळे-पावसाळे काढले आहेत. शाळेत मी फार टिकलो नाही. कायद्याची कलमे तेथेच, पत्रके लिहिता लिहिता शिकलो. त्या अनुभवावरून एवढेच सांगतो. मनोरा दगडाचा आहे, त्याला आपली गरज नाही. आतल्या खुर्चीला मात्र आहे. बोरीबंदरावर उतरलात की मनोरा जरूर पाहा, आणि आपल्या प्रभागाचा माणूस आत बसून काय बोलतो, तेही विचारा.