गळा उरला, अभिनय गेला

बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू आज पाहायची म्हटली तर कुठे पाहणार? ‘मानापमान’ १९११चं, ‘स्वयंवर’ १९१६चं, ‘एकच प्याला’ १९१९चं. तेव्हा आपला सिनेमा मुका. पदं तेवढी तबकड्यांवर आली, तीही एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत कोंबून. वन्समोअर घेत रात्रभर रंगणारं गाणं त्यात मावणार कसं? बोलपट आला तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते दिसतात, पण संत एकनाथ म्हणून.

मंडळी, आपल्या गावच्या नाटकांच्या कॅसेटी कुणाच्या माळ्यावर असतील तर भंगारात देऊ नका. बुरशी लागायच्या आत डिजिटल करून घ्या. उद्या नातवंडांना नुसतं “काय काम करायचे!” एवढंच सांगायची वेळ नको.